नमन : कलाप्रकारांच्या नावांविषयी

काही वर्षांपूर्वी एका कलामहोत्सवात नोंदणीच्या टेबलावर मी दोन दिवस बसलो होतो. येणाऱ्या प्रत्येक संघाने एक छापील अर्ज भरायचा होता. संघाचे नाव, गाव, कलावंतांची संख्या, आणि शेवटी ‘कलाप्रकार’ या शब्दापुढे तीन चौकोन : लोकनृत्य, लोकसंगीत, लोकनाट्य. त्यातल्या एकावर खूण करायची. रत्नागिरीकडच्या एका जाखडीच्या संघाचे बुवा तो अर्ज हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “सर, पोरं माझी नाचतात. मी मध्ये बसून गातो. समोर तुरेवाला असला तर त्याच्याशी रात्रभर सवाल-जवाब होतो. ह्यातल्या कुठल्या घरात बसू मी?” मागे रांग मोठी होती. मी त्यांना ‘लोकनृत्य’वर खूण करायला सांगितले. त्या घराला ठरवून दिलेली वेळ थोडी होती. गाणे आखडते घेतले गेले, सवाल-जवाब गळाले आणि मंचावर नुसता नाच झाला. एका खुणेने बुवांचा निम्मा खेळ कापला गेला, आणि ती खूण मी करायला लावली होती.

तोवर मला वाटत असे की कलाप्रकार आधी असतो आणि नाव त्याला नंतर चिकटते. नाव चुकले तर फार तर ग्रंथालयात पुस्तक भलत्या कपाटात जाईल. तसे नसते. नावावरून वेळ ठरते, मानधन ठरते, मंच मिळणार की मांडव ते ठरते, कलावंताला ‘पंडित’ म्हणायचे की ‘बुवा’ की नुसते पहिल्या नावाने हाक मारायची हेही ठरते. म्हणून मराठी मुलखातल्या गाण्याच्या आणि नाटकाच्या प्रकारांची नावे, त्यांचे जवळचे शब्द आणि त्यांच्या अर्थछटा एकत्र करणारा हा शब्दसंग्रह हाती आला, तेव्हा त्याची प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो. असा संग्रह उघडणारा वाचक बहुधा पर्यायी शब्द शोधत येतो. त्याला माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. कलाप्रकारांच्या बाबतीत खरा पर्यायी शब्द फार क्वचित सापडतो. एका खेळाला चार नावे असतील, तर ती चार माणसांनी चार जागी उभे राहून दिलेली असतात. कोणते नाव कोणी दिले हे कळले की त्या कलेचा निम्मा इतिहास हाती येतो.

बुवांच्या जाखडीचेच पाहा. गावातला शब्द ‘जाखडी’ किंवा नुसता ‘नाच’. मुंबईत चाकरीला आलेल्या कोकणी गड्यांच्या कानात बाळी असे, म्हणून शहरातले लोक त्यांना ‘बाल्या’ म्हणू लागले आणि त्यांचा नाच झाला ‘बाल्या नाच’, अशी या नावाची हकिगत सांगतात. सामन्याच्या जाहिरातीवर मात्र ‘शक्ती-तुरा’ असे असते, कारण तिथे महत्त्व असते ते शक्तीचा पक्ष घेणारा शाहीर आणि तुऱ्याचा शाहीर यांच्या काव्यातल्या झुंजीला. नाचणाऱ्याच्या पायावरून एक नाव, नोकर ठेवणाऱ्याच्या नजरेतून दुसरे, आणि आतल्या तत्त्वचर्चेवरून तिसरे. शब्दकोशात ही तिन्ही ‘म्हणजे’ने जोडता येतील. पण जो माणूस नेहमी दुसरेच नाव वापरतो, त्याला तिसऱ्या नावातली विद्या कधी दिसतच नाही.

आता ‘नाटक’ हा शब्द घेऊ. संस्कृत नाट्यशास्त्राने रूपकाचे दहा प्रकार मोजले : नाटक, प्रकरण, भाण, प्रहसन, डिम, व्यायोग, समवकार, वीथी, अंक आणि ईहामृग. त्या हिशेबात नाटक हा दहांतला एक. मराठीत मात्र तोच शब्द साऱ्या घराण्याचे आडनाव होऊन बसला. 1843 साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून आपण मराठी रंगभूमीची गणना करतो. त्या काळातल्या माणसाच्या तोंडी त्यासाठी ‘खेळ’ आणि ‘आख्यान’ हे शब्द अधिक सहज होते. ‘आख्यान’ कीर्तनातून आले होते आणि ‘खेळ’ कोकणातल्या दशावतारी खेळ्यांच्या वळणाचा होता. पुढे लिहून छापलेल्या संहितेवरून नाटके होऊ लागली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ 1861 चे. या नव्या जातीला लोकांनी नाव दिले ‘बुकिश नाटक’. इंग्रजी शब्दाला मराठी कानाने दिलेले हे नाव चोख आहे, कारण फरक नेमका पुस्तकाचाच होता. भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपापले भाषण जागच्या जागी रचून बोलत. आता शब्द आधी ठरलेला होता.

‘फार्स’ची गोष्ट याहून बोलकी आहे. आज फार्स म्हणजे दारांची उघडझाप, गैरसमज आणि हसून मुरकुंडी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी नाटक मंडळींनी हा शब्द उचलला, तेव्हा पौराणिक आख्यानानंतर होणारा छोटा गद्य खेळ एवढाच त्याचा अर्थ होता. त्यामुळे ‘नारायणराव पेशव्यांच्या मृत्यूचा फार्स’ असे नाव देताना कोणाला काही खटकले नाही. शनिवारवाड्यातल्या खुनावरचा तो खेळ विनोदी नव्हता. जुन्या जाहिरातीत किंवा आठवणींत हा शब्द वाचून आजचा अभ्यासक हसला, तर चूक त्याची. शब्द तोच राहतो आणि आतला माल बदलतो. म्हणून या संग्रहात जिथे शक्य आहे तिथे शब्दाबरोबर त्याचा काळ दिला आहे, ही मला त्याची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि ‘संगीत’ हा शब्द नाटकाच्या नावाआधी कायमचा जाऊन बसला. ‘संगीत सौभद्र’, ‘संगीत शारदा’, ‘संगीत मानापमान’, ‘संगीत स्वयंवर’. परप्रांतातला माणूस विचारतो, की गाणी तर भाव्यांच्या खेळातही भरपूर होती, मग हे नाव तेव्हाच का पडले? उत्तर असे, की पूर्वी पात्रांच्या वतीने सूत्रधार गात असे. किर्लोस्करांकडे शकुंतला स्वतः गाऊ लागली. ‘संगीत’ या विशेषणाने गाणे आहे एवढेच सांगितलेले नाही. गाणे कोणाच्या गळ्यात आहे हे सांगितले आहे. आणि हे विशेषण आले म्हणून दुसरेही आले. तोवर ‘गद्य नाटक’ असे म्हणायची गरज कोणाला पडली नव्हती. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’सारखी नाटके गाजू लागली, तेव्हा त्यांना ‘गद्य’ म्हणून वेगळे ओळखावे लागले. बोलपट आल्यावर आधीचे चित्रपट मागाहून ‘मूकपट’ झाले, तसेच हे. नवी सून घरात आली की जुनीला ‘थोरली’ म्हणतात. भाषेतही नवा प्रकार जुन्याला नवे नाव देऊन जातो.

संगीत नाटकात गायले जाते त्याला काय म्हणायचे? जुना शब्द ‘पद’. नाटकाच्या छापील पुस्तकात प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग आणि ताल दिलेले असत, आणि ‘चाल’ म्हणून एखाद्या आधीच्या प्रसिद्ध गाण्याचे नाव. तेवढ्या एका ओळीवरून गावोगावचा वाचक घरी पेटी काढून ते पद म्हणू शके. त्याच पुस्तकांत साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हीही नावे भेटतात. ती कीर्तनातून आणि जुन्या मराठी काव्यातून आलेली. गवयाच्या बैठकीत जी ‘चीज’, तिच्याच वळणाची स्वररचना नाटकात आली की ‘पद’ होते. ‘स्वयंवर’च्या पदांना भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा त्या ख्यालगायकीतून आल्या, पण प्रेक्षकाने त्यांना चीज म्हटले नाही, कारण ती गाणारी समोर रुक्मिणी होती. पुढे रेकॉर्ड निघाल्या, पदे नाटकाबाहेर मैफिलीत गाजू लागली आणि ‘नाट्यगीत’, ‘नाट्यसंगीत’ हे शब्द रूढ झाले. पदाला कथेतली जागा असते. नाट्यगीत कथेतून सुटून एकटे उभे राहते. ज्याला हा फरक ठाऊक आहे, त्याच्या लेखणीतून या दोन शब्दांची अदलाबदल होत नाही.

ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांनी आपल्याला आणखी शब्द दिले. ‘भावगीत’ हा आधी कवितेच्या चर्चेतला शब्द होता, कवीच्या एका भावावस्थेची छोटी कविता या अर्थाचा. जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्या गळ्यातून त्याचा अर्थ असा बदलला, की आज भावगीत म्हटले की कागद आठवत नाही, चाल आठवते. ‘सुगम संगीत’ हा शब्द आकाशवाणीने घराघरांत पोहोचवला. तो कार्यक्रमांची विभागणी करणाऱ्यांच्या सोयीचा आहे : जे शास्त्रीय नाही आणि लोकसंगीतही नाही, ते सारे त्यात. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’, 56 गीतांचे, सुगम संगीत म्हणायचे की आख्यान? गदिमांची रचना कीर्तनाच्या वळणाची, फडक्यांच्या चाली रागांवर उभ्या, आणि ऐकणारी आजी रेडिओसमोर पोथी ऐकावी तशी हात जोडून बसलेली. रेडिओवरच्या नाटकालाही दोन नावे आहेत, ‘नभोनाट्य’ आणि ‘श्रुतिका’. पहिले नाव लहरी जिथून येतात त्या आकाशाकडे पाहून दिलेले, दुसरे त्या जिथे पोहोचतात त्या कानाकडे पाहून. दोन्ही सुंदर आहेत, आणि दोन्हींमागे नव्या यंत्राकडे डोळे भरून पाहणारे मराठी मन आहे.

या संग्रहात माझ्या मते सर्वांत जास्त वेळ थांबावे असे पान तमाशाचे. ‘तमाशा’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. पाहण्यासारखे काही, देखावा, असा त्याचा अर्थ. पण आतली परिभाषा मराठी मातीतली आहे. आधी गण, मग गौळण आणि तिच्यातली मावशी, मग बतावणी, मग वग. सोंगाड्या, सरदार, नाच्या, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला, आणि मागे उभा राहून सूर धरणारा झीलकरी. ढोलकीच्या फडाचा तमाशा वेगळा आणि संगीत बारी वेगळी. पहिल्यात वग हा कणा, दुसरीत लावणी आणि अदा. लावणीही एक नाही : फडाची, बैठकीची, चौकाची, बालेघाटी, छक्कड. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांनी गावचे कुलकर्णीपद आणि जात मागे टाकून फड उभा केला. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड आणि त्याच घराण्यातल्या विठाबाई यांनी या शब्दाला जी उंची दिली, ती पाहिलेली माणसे अजून आहेत.

तरीही हा शब्द उच्चारायला सुशिक्षित समाज बिचकत राहिला, आणि त्या बिचकण्यातून पर्यायांची रांग तयार झाली. ज्योतिराव फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या कार्यकर्त्यांनी पुढे तमाशाचाच साचा घेऊन गावोगाव प्रबोधन केले आणि त्याला नाव दिले ‘जलसा’. गौळणीतला शृंगार गेला. वगाच्या जागी सावकारी, भटशाही, शिक्षण हे विषय आले. आंबेडकरी चळवळीत भीमराव कर्डक आदींच्या जलशांनी तीच वाट पुढे नेली. तमाशा हा शब्द त्यांनी टाकला, कारण त्या शब्दाबरोबर जातीची अवहेलना येत होती आणि तीच तर त्यांना मोडायची होती. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी उभे केले ते ‘लाल बावटा कलापथक’. ‘पथक’ हा शिस्तीचा, कूच करणाऱ्यांचा शब्द. अण्णाभाऊंनी गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आणले. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि ती उठली तेव्हा अटी घेऊन उठली. त्या काळात ‘लोकनाट्य’ हा शब्द जोरात पुढे आला. वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ घेऊन दादा कोंडके शहरातल्या नाट्यगृहांत आले, ते लोकनाट्य म्हणून.

तमाशा, जलसा, कलापथक, लोकनाट्य. साचा पुष्कळसा एकच, नावे चार, आणि प्रत्येक नाव ही एक भूमिका. जलसा म्हणणाऱ्याला बदल हवा होता, कलापथक म्हणणाऱ्याला क्रांती, लोकनाट्य म्हणणाऱ्याला प्रतिष्ठा. फडात जन्मलेल्या कलावंताला मात्र आपले जुने नाव सोडवेना. आज जत्रेत तंबूबाहेरची पाटी नीट वाचा. तिथे बहुधा ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असे तिन्ही शब्द एका ओळीत असतात : एक सरकारदरबारासाठी, एक तिकीट काढणाऱ्या रसिकासाठी, आणि एक नोंदणीसाठी. चौफुला, मोडनिंब, जामखेड इथल्या संगीत बाऱ्यांच्या थिएटरांवर ‘सांस्कृतिक कला केंद्र’ असते, तेही याच कारणाने. या पाट्यांकडे बघून मला वाईट वाटते. स्वतःच्या कलेचे नाव सांगताना ज्यांना आधी एक सभ्य शब्द ढाल म्हणून धरावा लागतो, त्यांच्यावर आपण अन्याय केला आहे.

कोकणात उतरले की शब्दांची वेगळीच पेटी उघडते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवळाच्या जत्रेत रात्री होतो तो दशावतार. ‘दहीकाला’ किंवा तिथल्या बोलीत ‘धयकालो’ हेही त्याचेच नाव. त्याचे दोन भाग. सुरुवातीचा ‘आडदशावतार’, ज्यात गणपती, सरस्वती आणि संकासुर येतात. आणि नंतरचे आख्यान, ज्यात पात्रे संवाद जागीच रचतात. भाव्यांच्या खेळाची रीत तिथे अजून चालू आहे. याच मंडळींच्या अलीकडच्या जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त दशावतारी नाटक’ असा शब्द असतो. काही जाणकार त्यावर नाराज होतात. मला तो शब्द प्रामाणिक वाटतो; रोषणाई आणि यंत्रे वापरली आहेत हे त्यात लपवलेले नाही. रत्नागिरीत ‘नमन’ आणि ‘खेळे’. गोव्यातले कोंकणी ‘तियात्र’ मात्र कोणत्याही मराठी शब्दात बसवू नये. नाव पोर्तुगीजमधून आले, पण पहिले तियात्र ‘इटालियन भुरगो’ 1892 साली मुंबईत झाले. दोन प्रवेशांच्या मध्ये कथेशी नाते नसलेली ‘कांतारां’ गायली जातात, अनेकदा चालू राजकारणावर. प्रेक्षक त्यांचीच वाट पाहत असतो. त्याला ‘कोंकणी संगीत नाटक’ म्हणणाऱ्याने तियात्र पाहिलेले नसते.

पूर्वेला झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात, दंडार आहे, खडी गंमत आहे, आणि वडसा देसाईगंजला कचेऱ्या असलेल्या नाट्यमंडळांची मोठी रंगभूमी आहे. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतो, आणि रात्री धान कापलेल्या शेतातल्या मांडवात हजारो माणसे पहाटेपर्यंत नाटक पाहतात. पुण्या-मुंबईच्या लिखाणात या नाटकांना कधी ‘ग्रामीण’, कधी ‘हौशी’ म्हटलेले आढळते. जिथे तिकीट लावून अख्खा हंगाम नाटक चालते आणि त्यावर कुटुंबे जगतात, ती रंगभूमी व्यावसायिक आहे. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांनी ‘झाडीपट्टी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आपल्या शब्दसंग्रहांत तो फार आधी यायला हवा होता.

दक्षिणेत तंजावरला तर मराठी नाटकाची वाट सांगलीच्या दीड शतक आधी सुरू होते. शहाजीराजे भोसले यांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक रचले गेले. त्या नावातला ‘कल्याण’ हा शब्द विवाह या अर्थाचा, दक्षिणी वळणाचा. देवघेव उलट दिशेनेही झाली. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरला गेले आणि त्यांच्यामुळे साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे तमिळ हरिकथेत मुक्कामाला राहिली. आपल्याकडे संगीत नाटकाच्या जुन्या पुस्तकात सापडणारी दिंडी तिथे भागवतरांच्या तोंडी जिवंत राहिली. शब्द पाहुणा म्हणून जातो आणि घरचा होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रकाराचे नाव जसे सांगते, तसेच कलावंतांच्या जमावाचे नावही सांगते. किर्लोस्कर ‘नाटक मंडळी’ आणि गंधर्व ‘नाटक मंडळी’, तमाशाचा ‘फड’, बारीची ‘पार्टी’, दशावताराची ‘कंपनी’, गणेशोत्सवातला ‘मेळा’, भजनाचे ‘मंडळ’, वारकऱ्यांची ‘दिंडी’. फड हा कुस्तीचाही असतो आणि उसाचाही, म्हणून त्यात घाम आणि झुंज आहे. मंडळी घरात बसलेली असतात, म्हणून त्या शब्दात गणगोत आहे. ‘दशावताराची मंडळी’ चालेल, ‘गंधर्वांचा फड’ चालणार नाही. आणि ‘एकपात्री’ म्हणताना आपण नट मोजतो. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटेच 52 पात्रे उभी करत, तरी तो प्रयोग एकपात्रीच. दिवाकरांच्या नाट्यछटेतही बोलणारा एकच असतो, पण ती वाचण्यासाठी लिहिलेली. ऐकणाऱ्याचे शब्द वाचकाने मनात भरायचे असतात. एक बोलणारा माणूस दोन्हीकडे आहे, तरी हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत.

आपल्या रोजच्या बोलण्यात या नावांचे काय झाले आहे तेही पाहावे. ‘तमाशा करू नकोस’, ‘काय गोंधळ चाललाय’, ‘नाटके पुरे झाली’, ‘सोंगे आणू नकोस’, ‘भारूड लावू नकोस’, ‘तेच तुणतुणे वाजवतो’, ‘दुसऱ्याची री ओढतो’, ‘नमनाला घडाभर तेल’. गोंधळ ही रेणुकेची, तुळजाभवानीची उपासना. संबळ, तुणतुणे आणि दिवटी घेऊन रात्र जागवणारी. भारूड हे एकनाथांनी लोकांच्या बोलीत मांडलेले अध्यात्म. झीलकरी री ओढतो म्हणून शाहिराला श्वास घ्यायला वेळ मिळतो. आणि नमनाला तेल लागायचे, कारण मशाली रात्रभर जळायच्या होत्या. इतकी कलानामे वाक्प्रचारांत गेली, यावरून या कला घराघरांत किती मुरल्या होत्या ते कळते. ती सगळी निंदेच्याच अर्थाने गेली, यावरून लिहिणारा-वाचणारा वर्ग त्यांच्यापासून किती दूर सरकला तेही कळते. वाक्प्रचार बदला असे मी म्हणणार नाही. बोली कोणाच्या आज्ञेने चालत नाही. पण मूळ अर्थ विसरू नये एवढे नक्की म्हणेन.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. 1728 मध्ये लंडनला जॉन गे यांनी ‘बेगर्स ऑपेरा’ लिहिला. त्यावरून 1928 मध्ये बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी केलेल्या नाटकाच्या नावातही ऑपेरा होताच. ‘ऑपेरा’ला मराठीत ‘संगीतिका’ हा तयार शब्द आहे. 1978 मध्ये पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक मराठीत आणले तेव्हा त्यांनी नाव ठेवले ‘तीन पैशाचा तमाशा’. कोशाप्रमाणे ते चूक आहे. रंगभूमीप्रमाणे तेच बरोबर. श्रीमंतांचा गानप्रकार चोर-भिकाऱ्यांच्या हाती देण्यात मूळ नावाचा डंख होता. मराठीत ‘संगीतिका’ ऐकून कोणाला श्रीमंती आठवत नाही. ‘तमाशा’ ऐकून मात्र पैसा, बदनामी, गर्दी आणि गाणे एकदम समोर येते. पुलंनी शब्दाचे भाषांतर केले नाही, त्या शब्दाच्या समाजातल्या जागेचे केले. त्याआधी, 1972 मध्ये, ‘घाशीराम कोतवाल’ने कीर्तन, खेळे, दशावतार आणि लावणी एकाच भिंतीसारख्या उभ्या रांगेत आणली, आणि समीक्षकांकडचे सारे चौकोन अपुरे पडले. नवे नाटक जुन्या शब्दांत मावेना, तेव्हा शब्दाची अडचण झाली, नाटकाची नव्हे.

हा संग्रह कसा वापरावा, हे आता थोडक्यात. पत्रकाराने, समीक्षकाने, सूत्रसंचालकाने, अर्ज छापणाऱ्या अधिकाऱ्याने एखादा शब्द इथे शोधला, तर त्याच्यापुढचा पहिलाच अर्थ उचलून पुढे जाऊ नये. तो शब्द कोण वापरतो, कुठे वापरतो आणि कोणाला तो आवडत नाही, हे खाली पाहावे. दोन शब्द समानार्थी वाटले तर स्वतःला चार प्रश्न विचारावेत : गातो कोण? पैसे देतो कोण? प्रेक्षक बसतो कुठे? आणि खेळ संपतो केव्हा, तीन तासांनी की उजाडल्यावर? चारांपैकी एकाचेही उत्तर वेगळे आले तर शब्दही वेगळा ठेवावा. ‘लोक’ हे उपपद तर फार जपून लावावे. आपल्या ओळखीच्या नसलेल्या प्रत्येक कलेला ते लावून मोकळे होण्याची सवय आपल्याला जडली आहे. कलावंताचे नाव, घराणे, फड, गाव माहीत असताना त्याला ‘लोककलावंत’ या गर्दीत ढकलणे म्हणजे त्याचे श्रेय काढून घेणे होय.

कोणताही कोश पुरा नसतो. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’सारख्या प्रचंड कामालाही मागाहून पुरवणी जोडावी लागली. या संग्रहालाही लागेल, आणि ती वाचकांनीच पुरवावी. तुमच्या गावच्या जत्रेत, सप्त्यात, लग्नाच्या आदल्या रात्री जे काही गायले, नाचले, खेळले जाते, त्याला तिथली म्हातारी माणसे काय म्हणतात ते विचारा आणि त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवा. सभ्य करू नका, संस्कृत करू नका. लेख लिहाल तेव्हा कलावंत सांगतो ते नाव आधी लिहा. तुमचे नाव, हवे असल्यास, त्यानंतर.